दगडी डोणी

“जाळी,” डोरीन ऑल्डरसन म्हणाली. “कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. दगडात कधी उगवली ही?”

तिच्या काठीचं टोक डोणीच्या, बागेत रोपं लावलेल्या त्या जुन्या दगडी कुंडाच्या, कोपऱ्यावर होतं. गेल्या आठवड्यातल्या थंडीने तिथला वीतभर तुकडा उडाला होता आणि आतली गंजकी तार बाहेर डोकावत होती.

बागकाम मंडळाचे चिटणीस नॉर्मन टेनंट वाकले, बघून पुन्हा सरळ झाले. “सिमेंट आहे.”

“ते मलाही दिसतंय. कुणी केलं ते यांना विचारा.”

मॉइरा किन्लॉक फाटकाशी उभी होती. ती शेजारच्याच घरात राहायची. स्कॉटलंडमध्ये शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ती यॉर्कशरच्या या खोऱ्यात आली होती. सिमेंट, वाळू आणि पाणथळीतली काळी माती कालवून ती बागेसाठी डोण्या करायची. पालथ्या खोक्यावर लगदा थापायचा, दोन दिवसांनी खोकं काढायचं, मग बाहेरून दही फासायचं. वर्षभरात शेवाळ धरलं की जुन्याजाणत्यांनाही ती दगडीच वाटे. मंडळाच्या प्रदर्शनात पाच वर्षं पहिलं बक्षीस तिचंच होतं. आताही ती काम टाकूनच आली होती. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे तसेच होते. ओलं सिमेंट कातडी खातं, म्हणून हातमोज्यांशिवाय ती त्याला कधी शिवत नसे.

“सप्टेंबरात खुब्याच्या ऑपरेशनला मी सहा आठवडे इस्पितळात होते,” डोरीन नॉर्मनना म्हणाली. “फाटकाची किल्ली या बाईंकडे. झाडांना पाणी घालते म्हणाल्या. घातलं पाणी. आणि माझी डोणी नेऊन तिथे हे सोंग आणून ठेवलं.”

“मी पाणीच घातलं,” मॉइरा म्हणाली.

“आणि शेवाळाला दही घालायला विसरला नाहीत.”

डोणी डोरीनच्या नवऱ्याने, क्लिफने, लग्नाच्या वर्षी आणली होती. आजीच्या शेतावरची, दोनशे वर्षांची, असं तो सांगायचा. क्लिफ दगडाच्या खाणीत होता. तिथल्या करवतीने त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट अर्ध्यावर नेलं होतं, म्हणून लग्नाची अंगठी तो उजव्या हातात घालायचा. माणूस दगडातला, तरी दर ऑक्टोबरात डोणीला गोणपाट गुंडाळायचा. दगडाला कसली थंडी म्हणून डोरीन हसायची. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती आणि गोणपाट तेव्हापासून माळ्यावरच होतं.

“घरात त्याच्या हातचं दुसरं काही उरलेलं नाही,” डोरीन म्हणाली. “मला ती परत हवी.”

नॉर्मननी टोपी सारखी केली. “मॉइरा, आरोप गंभीर आहे. खरा ठरला तर शनिवारच्या प्रदर्शनातून, मंडळातूनही तुमचं नाव काढावं लागेल.”

“खोटा ठरला तर?”

“तर ऑल्डरसनबाई माफी मागतील.”

“सूर्य पश्चिमेला उगवला की,” डोरीन म्हणाली.

मॉइराने खिशातून एक छोटी बाटली काढली. “फिनॉल्फ्थॅलीन. नवं सिमेंट फोडून थेंब टाकला की गुलाबी होतं. तीस-चाळीस वर्षं हवा खाल्लेलं होत नाही. मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. रंग आला तर मी चोर, नाही आला तर नाही.”

“तुमचंच औषध आणि तुमचाच निकाल. छान शाळा आहे, मास्तरीणबाई.”

“थेंब नॉर्मननी टाकावा. मी लांब उभी राहते. त्याआधी तळाची भोकं बघते. पाणी निघून जायला माझ्या डोण्यांना तीन असतात.”

तिने एक हातमोजा काढला, गुडघे टेकले आणि डोणीखालच्या विटांच्या मधल्या फटीतून हात आत घातला. तळ चाचपला. मग हात एका जागी थांबला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

“किती आहेत?” नॉर्मननी विचारलं.

मॉइरा उठली. गुडघ्याची माती झटकली. बाटली तिने खिशात ठेवून दिली.

“तीन,” ती म्हणाली. “माझीच आहे.”

डोरीनने काठी डोणीवरून उचलली. मग ती नॉर्मनकडे वळली. “ऐकलंत?”

“ऐकलं.” नॉर्मनचा आवाज पडला होता. “आणि औषध?”

“गरज नाही त्याची. मी बदलली.”

“माझी कुठे आहे?” डोरीनने विचारलं.

“विकली. माणूस लीड्सचा होता. नाव विचारलं नाही.”

“माझ्या नवऱ्याची आठवण विकलीत, आणि रोज कुंपणावरून मला ‘आज कसं वाटतंय’ विचारत होतात.”

“हो.”

“लाज?”

मॉइरा वळून चालू लागली. फाटकापाशी ती थांबली. “हिला फोडू नका. कोपरा मी लिंपून देते. थंडीत गोणपाट घाला.”

“या डोणीला पुन्हा हात लावलात तर तो हात मोडीन. पोलिसांचं सोमवारी बघते.”

फाटक लागलं. नॉर्मन वहीत दोन ओळी लिहून, टोपी उचलून गेले.

डोरीनने त्याच दुपारी डोणी रिकामी केली. बुटकी रोपं एकेक करून बादलीत ठेवली, माती उपसली, मग शेडमधून पहार आणि हातोडा आणला. हे सोंग तिला आणखी एक रात्रही दारात नको होतं. कुंपणापलीकडे मॉइरा तिच्या डोण्यांवर पाणी शिंपडत होती. तिने मान वर केली नाही.

नव्या खुब्याला जपत डोरीनने विटांवर पहार टेकवली आणि जोर दिला. डोणी कलली, गवतावर पालथी पडली. तिने हातोडा उचलला.

तळाला भोक एकच होतं. त्याच्या बाजूला, ओल्या सिमेंटवर कुणीतरी उघड्या हाताने शेवटची थाप मारली होती. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पूर्ण उमटलं होतं, पुढची दोन बोटं अर्ध्यावरच संपत होती.