कुंपण

मांजरीतलं शेत विकताना मच्छिंद्र आजोबांनी एकच मागितलं होतं, विहिरीजवळचा पत्नी मथुराबाईंच्या समाधीचा ओटा हलवू नका. बिल्डर तोंडी हो म्हणाला होता.

पुढे त्या शेताचे प्लॉट पडले आणि त्यांची वेबसाइट करायचं काम नेमकं आजोबांच्या नातीकडे, तनुजाकडे आलं. ती कोडची एक ओळ लिहायची आणि पडद्यावर एका प्लॉटची चौकट उमटायची. आजोबा शेजारी बसून बघत होते.

"काहींत रंग भरलाय, काहींची नुसती रेघच हाय. असं का गं?"

"रंग भरलेले विकले गेले, आजोबा. नुसती रेघ म्हणजे अजून विकायचेत."

"आन् ही विहीर? मग तुझी आजी कुठाय?"

"नकाशात ती जागा कोरीच सोडलीय."

"कोरी जागा दिसली की कुणीबी राडारोडा आणून टाकतंय, पोरी. कुंपण घाल तिला."

तनुजाने आणखी एक ओळ लिहिली. विहिरीशेजारी छोटी चौकट उमटली. आजोबांनी तिला बोट लावून ते कपाळाला लावलं.

दोन दिवसांनी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला.

"मॅडम, विहिरीजवळचा तो बारका प्लॉट आमच्या लक्षातच आला नव्हता. बरं झालं तुम्ही दाखवलात. शेजारच्या पार्टीने लगेच घेतला. तिथला जुना ओटा आम्ही आज काढतोय, तुम्ही फक्त रंग भरून टाका."