बाईचा अर्ज

सकाळी साडेआठला कपिलने टपालपेटी उघडली. व्हिसाच्या मुदतवाढीचं पत्र आजही नव्हतं. जर्मनीत ज्या नोकरीसाठी आला, ती झिंडेलफिंगेन गावातली नोकरी जानेवारीतच गेली होती.

“काय गं, तुझ्या लंडनवाल्यांनी तरी घेतला का आपल्या बाईचा अर्ज?” घरात येत त्याने बायकोला विचारलं.

प्रबंधासाठी ऊर्मिला इंग्लंडच्या १६४३च्या पार्लमेंटचं कामकाज रोज एका दिवसाचं उतरवत होती. कैदेतल्या आजारी नवऱ्याला सोडा, असा एका बाईचा अर्ज युद्धाच्या धांदलीत रोज पुढे ढकलला जाई. कपिलने आपल्या व्हिसाचा कौल त्याच्यावरच लावला होता.

“उद्या पहिलं काम तेच, म्हणतायत.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे तिथेही इथलेच साहेब!” तो कितीतरी दिवसांनी हसला.

पुढची पानं ऊर्मिलाने कालच चाळली होती. अर्ज महिन्याभराने वाचला गेला होता. बाईच्या नावाआधी कारकुनाने ‘विधवा’ असं लिहिलं होतं.