साकवाची जागा

मार्चअखेरच्या एका दुपारी पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी शैला मुणगेकर मोजमापाची टेप घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभ्या होत्या. चार दिवसांत कामाचा आदेश निघाला नाही, तर ओढ्यावरच्या साकवाचा, म्हणजे छोट्या पुलाचा, निधी परत जाणार होता. साकव कुठे बांधायचा, यावरून वरची आणि खालची वाडी वर्षभर अडून बसली होती. आजही दोन्हीकडची माणसं येऊन एकमेकांपासून लांब उभी होती.

“मॅडम, पुढच्या वर्षी बघू,” सरपंच घाडी दमून म्हणाले.

“गेलेला निधी पुन्हा मिळेलच असं नाही, भाऊ.” मग त्या काठावरच्या अनसूयाकाकींकडे वळल्या. “काकी, पावसात तुम्ही कुठून उतरता?”

काकी खाली आल्या. पाण्यातून चालावं तसा लुगड्याचा काठ वर धरून, तळ चाचपत त्या जपून पावलं टाकू लागल्या आणि मधल्या खडकापाशी थांबल्या. “सुनेला दवाखान्यात नेत होतो. पाणी इथवर चढलं,” त्यांनी कमरेला हात लावला. “पुढे जाता येईना. नात या खडकावरच झाली. दोन्ही वाड्यांच्या बायकांनी भोवती लुगडी धरली होती.”

उन्हाच्या झळांनी पात्र भरून आल्यासारखं लवलवत होतं, आणि शैलाताईंना पाण्याचा आवाजही ऐकू आल्यासारखा वाटला.

खालच्या वाडीचे तातू परब घसा खाकरत म्हणाले, “मग इथंच बांधू.”

वरच्या वाडीतल्या एकाने शैलाताईंच्या टेपचं दुसरं टोक हातात घेतलं.