शंभरपर्यंत

सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. रेक्टरांनी डोळे उघडले. काही नाही. आजचा चौथा दिवस.

कमोडवर बसल्या बसल्या त्यांना रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. पोट तटतटलेलं, कपाळावर घाम, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पडून मनगट मोडलं म्हणून मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं होतं. दुखण्यावरच्या गोळ्यांनी हात शांत केला आणि जाता जाता पोटही शांत करून टाकलं. डाव्या हाताने लेंग्याची नाडी बांधता येत नव्हती. ती मुठीत धरून ते बाहेर आले. मुलाने गुडघ्यावर बसून गाठ मारली. ज्यांना पाहून साठ पोरं चळाचळा कापायची, त्यांच्यावर ही वेळ आली होती.

एकतीस वर्षं ते शाळेच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. साठ मुलं, चार संडास आणि सातला पहिली घंटा. रेक्टर सकाळी रांगेपाशी उभे राहत, किल्ल्यांचा जुडगा दारावर आपटत आणि खणखणीत आवाजात मोजायला लागत. शंभर झाले की आतला बाहेर. मग त्याचं झालेलं असो वा नसो. मुलांनी त्यांचं नाव शंभरीसर ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. एकतीस वर्षांत एक दिवस घंटा चुकली नाही, हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मुलगा सातवीत गेल्यावर त्यालाही त्यांनी वसतिगृहातच, इतर पोरांमध्ये ठेवलं. पोटचं पोर म्हणून वेगळी वागणूक नाही. उलट तो आत असला की ते जरा भरभरच मोजत. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

चार दिवस त्यांनी पोटाबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता. सांगणार कुणाला, सुनेला? काल गुपचूप कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन, दोन गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत थांबून, त्यांनी मल मऊ करणाऱ्या गोळ्या आणल्या. घरी येऊन एकदम तीन गिळल्या. वर घोटभर पाणी. जास्त प्यायलं तर सारखं नाडीसाठी कुणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून पाणी त्यांनी कधीचंच तोडलं होतं.

आज संध्याकाळी चादर बदलताना मुलाला उशीखाली त्या गोळ्यांचं पाकीट सापडलं.

रेक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलगा ओरडला नाही की हसला नाही. त्याने आधी डॉक्टरांना फोन लावला, वडिलांच्या बाकीच्या गोळ्यांची नावं वाचून दाखवली, तीन गोळ्यांचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आज नको, उद्यापासून रोज एकच द्या. परवा सकाळपर्यंत पोट साफ झालं नाही तर घेऊन या, मग दवाखान्यातच मोकळं करावं लागेल. परक्या माणसांसमोर ती शोभा व्हायची म्हणजे जगून तरी काय करायचं, असं रेक्टरांना वाटलं.

मग मुलगा पलंगाच्या कडेला बसला आणि धडा पाठ असल्यासारखा सांगत राहिला. सांगितली तेवढीच गोळी, आणि वर ग्लास भरून पाणी. पाण्याशिवाय ती काही कामाची नाही. तिला एक-दोन दिवस लागतात, कधी तीन, म्हणून घाई करून दुसरी घ्यायची नाही. डॉक्टरांना न विचारता आठवड्याच्या वर घ्यायची नाही. पोटात जोरात दुखलं, उलटी झाली किंवा रक्त दिसलं तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. कुंथायचं नाही. दिवसभर पाणी प्यायचं आणि नाडीची काळजी सोडून द्यायची.

रेक्टरांना त्याही अवस्थेत कौतुक वाटलं. असं पाठांतर असलेला मुलगा शाळेत पहिला यायला हवा होता.

"तुला रे कसं एवढं सगळं ठाऊक?" त्यांनी विचारलं.

मुलगा तांब्यातून ग्लासात पाणी ओतत होता. "मलाही हा त्रास आहे, बाबा. जुना."

"कधीपासून?"

ग्लास काठोकाठ भरला. "सातवीपासून," मुलगा म्हणाला.

रेक्टरांनी ग्लास घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. आपलं चुकलं, हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि आता कळून काडीचा उपयोग नव्हता. हा निदान समोर तरी होता. बाकीची पोरं कुठे कुठे असतील, त्यांना कोण विचारायला जाणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी घेतली, पाणी मागून मागून प्यायलं. पोट ढिम्म. तिसरी सकाळ उजाडली, डॉक्टरांनी सांगितलेली. रेक्टर आत जाऊन बसले.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. मुलाची कामावर जायची वेळ झाली होती, आणि घरात संडास एकच. रेक्टरांच्या डोक्यात आकडे आपोआप सुरू झाले, त्यांच्याच खणखणीत आवाजात. ते थांबवायला गेले, पण आकडे थांबेनात. ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. त्यांनी डाव्या हाताने लेंगा वर ओढला आणि ते अर्धवट उठले.

"झालं, झालं," ते आतून म्हणाले. काहीच झालं नव्हतं.

बाहेर कुणीतरी दाराला पाठ टेकून खाली बसल्याचा आवाज आला.

"बसा हो बाबा, निवांत," मुलगा म्हणाला. "मी मोजत नाहीये."