आणखी एक

“आणि शेवटचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जखम भरल्यावर तिथली कातडी फुगते, कडक होते, वाढतच राहते. असं तुमच्या अंगावर कुठं आहे?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“घरात रक्ताच्या नात्यात कुणाला?”

मुलीने आईकडे पाहिलं. आईचा हात आपसूक गळ्याशी गेला. वरचं बटण नेहमीसारखंच लावलेलं होतं.

“छे हो,” आई हसून म्हणाली. “आमच्याकडे सगळ्यांची कातडी तुळतुळीत. ही एकटीच कुणावर गेलीय कोण जाणे.”

मुलीला अशा बोलण्याची सवय होती.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा समजावलं. पेनाएवढं यंत्र, त्याच्या टोकाला केसाएवढ्या सुया. गालांवर असंख्य बारीक टोचे बसतात, ते भरून येताना जुने खड्डेही भरतात. दोनतीन दिवस चेहरा लालबुंद राहील, उन्हात जायचं नाही. पुटकुळ्यांच्या गोळ्या चालू असल्या किंवा ओठावर तापाचे फोड उठत असले, तर आधी सांगायचं. “हे सगळं कातडीच्या स्वभावावर चालतं,” त्या म्हणाल्या. “स्वभावच वाकडा असेल तर खड्ड्याच्या जागी गाठ येते. म्हणून खोदून खोदून विचारते.”

आतल्या खोलीत नर्सने मुलीच्या तोंडाला पांढरं मलम जाडसर थापलं. “पाऊण तास बसा. गाल तुमचे नाहीत असं वाटायला लागेल,” असं सांगून ती गेली. आई स्टुलावर बसली.

आई स्वतः कॉलेजात असताना तिच्या छातीवर एक पुटकुळी उठली होती. तिने ती फोडली. जखम भरली, आणि भरायची थांबलीच नाही. आधी करंगळीच्या पेराएवढी, मग अंगठ्याएवढी गाठ झाली. गुळगुळीत, लालसर. लग्नानंतर नवऱ्याने ती एकदाच पाहिली आणि दिवा घालवला. तो दिवा पुढे कधी लागला नाही. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही तिचा गळा बंद असे. मुलीला पाजतानासुद्धा तिने तेवढी जागा पदराखाली ठेवली होती.

मुलीच्या कपाळावर पहिली पुटकुळी आली, तेव्हा आईला आपली गाठ आठवली. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलली ते भलतंच. रोज सकाळी चहाचा कप ठेवला की ती मुलीची हनुवटी धरायची, तोंड खिडकीकडे वळवायची आणि म्हणायची, “आणखी एक.”

एवढंच. पुटकुळ्या आल्या, गेल्या, खड्डे ठेवून गेल्या. मुलगी आरशाकडे पाठ करून केस विंचरायला शिकली. नोकरीसुद्धा तिने फोनवर बोलायची धरली. कपडे अंगभर, बाह्या मनगटापर्यंत. “आमची मुलगी साधी आहे हो,” आई चारचौघांत कौतुकाने सांगायची.

“आई,” मलमाखालून मुलगी म्हणाली, “गाल गेले गं माझे.”

“जाऊ देत. नवे येतील.”

“मग सकाळी चहाबरोबर काय बोलशील? नवा विषय शोधावा लागेल तुला.”

आई हसली नाही. तिने बटणाशी चाळा केला. सांगावं का? आत्ता सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणतील, मघाशी खोटं का बोललात? नर्सही ऐकेल. आणि मुलगी? तिच्यासमोर आपण कातडीवरून केवढा तोरा मिरवला.

नर्सने मुलीच्या तोंडावरचं मलम पुसून काढलं आणि डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून आल्या. सुयांचं सीलबंद पाकीट त्यांनी दोघींना दाखवून फोडलं. दिवा मुलीच्या तोंडावर ओढला. यंत्र गुणगुणायला लागलं आणि गालाकडे सरकलं.

त्या गालावर आईला स्वतःची गाठ दिसली.

“थांबा!”

ती उभी राहिली. तिने बटण काढलं, खालचंही काढलं, आणि दिव्याच्या उजेडात आली. डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं, बोटाने दाबलं आणि यंत्र बंद केलं.

“हे मघाशी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“मग मी हिच्या चेहऱ्याला सुई लावणार नाही. नशीब समजा, वेळेवर बोललात.”

आईला एकदम हलकं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपण मुलीसाठी काहीतरी केलं. ती मुलीकडे वळली.

मुलगी उठून बसली होती. मलम पुसलेल्या, बधिर चेहऱ्यात तिचे फक्त डोळे जागे होते.

“कशाला बोललीस?” ती म्हणाली. “मला माहीत होतं. लहानपणीच पाहिलं होतं मी.”

“अगं, मग गप्प का बसलीस?”

मुलीने बाही खांद्यापर्यंत सरकवली. शाळेत लस टोचली होती त्या जागी गाठ होती. अंगठ्याएवढी, गुळगुळीत, लालसर.

“वेड लागलंय का तुला?” आई ओरडली. “तोंडावर असं झालं असतं म्हणजे?”

“आणि नसतं झालं तर?”

“अगं, पण हे मला कधी दाखवायचं तरी!”

मुलीने आईचा हात धरला आणि आपल्या हनुवटीशी नेला.

“दाखवलं असतं तर काय म्हणाली असतीस? म्हण ना आता,” ती म्हणाली. “म्हण. सगळं बधिर आहे, मला काही लागणार नाही.”