आधी नको, मग हवी

गावाला अणुवीज समजावून सांगणाऱ्या अणुमास्तरांनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

"सुटलात एकदाचे," समोरचे वीज खात्याचे साहेब म्हणाले. एका कोऱ्या फॉर्मच्या कोपऱ्याची सुरळी करून ते दात कोरत होते. "या गावाला अक्कल येणार नव्हतीच. पालथ्या घड्यावर पाणी."

पत्रात लिहिलं होतं ते असं. पाच वर्षं प्रबोधन करूनही गावाचं मत बदललेलं नाही. दर वर्षी पहिल्या दिवशी दहातले नऊ जण अणुवीज नको म्हणतात. व्याख्यानं ऐकली की हवी म्हणतात. वर्ष उलटलं की पुन्हा नको. अशा गावात अणुवीज केंद्र उभारता येणार नाही, ते दुसरीकडे जाईल. इथलं कोळशाचं वीज केंद्र आणखी वीस वर्षं चालेल. मास्तरांची नेमणूक महिनाअखेरीस संपेल.

नेमणूक गेली खड्ड्यात. मास्तरांना आठवली ती आईची छाती. या गावात राख पडते. उघड्या पाण्यावर साय धरावी तशी धरते. उशीवर बसते, कानात जाते, नाक शिंकरलं की रुमाल काळा. आईच्या फुप्फुसांत ती किती साचली आहे, ते डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवलं होतं. आणखी दोन वर्षं अशी हवा आत गेली तर पुढचं मला विचारू नका, असंही म्हणाले होते. आणि इथे वीस.

म्हणून तर हा माणूस जीव तोडून शिकवायचा. किरणं मोजायचं यंत्र लोकांच्या हातात द्यायचा, घरी न्या म्हणायचा, भिंतीला लावा, फरशीला लावा, थोडी किरणं तिथेही सापडतील. कचऱ्याचं काय, अपघात झाला तर काय, काही झाकून ठेवायचा नाही. आधी पांढरा फॉर्म, मग तीन दिवस व्याख्यानं, शेवटी पिवळा फॉर्म. दोन्हींवर स्वतःचं नाव आणि एकच प्रश्न, अणुवीज हवी की नको. पिवळे फॉर्म मोजताना मास्तरांना दर वर्षी हुरूप यायचा. पुढच्या वर्षी पांढरे मोजताना तोंड कडू व्हायचं. लोक वर्षभरात सगळं विसरतात कसे, हे त्यांना कधी उमगलं नाही.

पत्र खिशात घालून ते उठले. साहेबांनी सुरळी टेबलाखाली टाकली आणि नखं तपासू लागले.

रस्त्यात मास्तरांना प्रत्येक चेहऱ्याची किळस येत होती. हे खोकतात, काळं थुंकतात, त्याच थुंकीवर पाय देऊन पुढे जातात आणि फॉर्मवर लिहितात नको. कोपऱ्यावरचा किराणावाला दिसला तसा त्यांचा तोल गेला. याने पाचही वर्षं पांढऱ्यावर नको लिहिलं होतं.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो?" मास्तर म्हणाले. "यंत्र चार दिवस घरी ठेवून घेतलंत. अणुविजेची बाजू घेऊन सख्ख्या भावाशी भांडलात. आणि पुन्हा नको?"

किराणावाल्याने तराजूतली राख फुंकून काढली. "मला पटलंय की, मास्तर. पहिल्याच वर्षी पटलं. या रस्त्यावर कुणाला पटलेलं नाही?"

"मग पांढऱ्या फॉर्मवर?"

"ते ठरलेलं आहे ना. पांढऱ्यावर नको, पिवळ्यावर हवी."

"कुणी ठरवलं?"

किराणावाला घुटमळला. गिऱ्हाईक नसताना उगाच एक वजन उचलून दुसरीकडे ठेवलं. "आम्ही शब्द दिलाय," तो म्हणाला. "तुम्ही घरी विचारा."

मास्तर घरी आले. आई खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबत होती. दोन बोटं आत कोंबायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा कोंबायचं. पोराचा चेहरा बघून तिने हात आवरला आणि पलंगावर बसली.

"आई, पांढऱ्या फॉर्मवर नको लिहा, असं लोकांना तू सांगतेस?"

आईने आधी पोटभर खोकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं, पदर काळा झाला तो दुमडून आत घेतला. चोरी पकडली गेल्यासारखी ती जराशी हसली.

"कळलं का तुला. कुणी सांगितलं, किराणावाल्याने? त्याच्या पोटात काही राहत नाही मेल्याच्या."

"का सांगितलंस?"

"का म्हणजे? शिकून चार वर्षं घरात बसला होतास, जेवणाचं ताटसुद्धा वर मान करून घेत नव्हतास. मग ही नोकरी लागली. आणि काय सुंदर समजावलंस रे, पहिल्याच वर्षी अख्खं गाव हवी म्हणायला तयार. मीच घाबरले. म्हटलं, सगळ्यांना पटलंय असं वर कळलं, तर माझ्या पोराला पुढच्या वर्षी कोण ठेवणार?"

मास्तरांचा हात खिशातल्या पत्रावर गेला आणि तिथेच राहिला. आईला वाटलं, तो रागावला. तिने त्याला जवळ ओढून बसवलं.

"नको रे काळजी करूस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षाचंही घरोघर सांगून आलेय मी."