वार्निशखालचं नाव

“बाबा, माझ्या नावाचा रॉड कोणता?” रॉडवर माझं नाव असतं हे मैत्रिणींना खरं वाटेना, म्हणून त्यांनी पैजेवर मला दुकानात विचारायला लावलं. जाम गावातल्या आमच्या दुकानात मासे धरायचे रॉड बनतात. आईच्या शिलाई मशीनची मोटर अन् पेडल जोडून मी रॉड फिरवणारं यंत्र बनवलं. आता रॉडवरच्या, गळाची दोरी ओवायच्या कड्या घरी मीच दोऱ्यानं बांधते, आई दुकानात नाव टाकून वार्निश लावते. “नाव तुझंच टाकू,” बाबांनी कबूल केलं होतं. मी ऐटीत रॉड उचलला. त्यावर दादाचं नाव होतं. पुढच्यावरही तेच. दादा पुण्यात शिकतो, त्यानं यंत्र पाहिलंसुद्धा नाही. “पोरीच्या हातच्या रॉडले मासा लागत नाई म्हणते गिऱ्हाईक, बेटा,” बाबा म्हणाले. मी आईकडे पाहिलं. तिनं ब्रश पदराआड घेतला. मी नाव न टाकलेला कोरा रॉड काढला. “आई, बाबा, रविवारी धरणावर मी माझ्या हातच्या याच रॉडनं गळ टाकून बसणार. गिऱ्हाइकांले बोलावजा.”